सूर्याच्या गाभ्यात कृष्णपदार्थ: एका चुकलेल्या उत्तराची पार्श्वभूमी

न्यूट्रिनो म्हणजे जवळपास कशालाही न अडता आरपार जाणारे सूक्ष्म कण, आणि कृष्णपदार्थ म्हणजे न दिसणारा, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणारा पदार्थ. बर्फात किंवा समुद्रात पुरलेल्या न्यूट्रिनो दुर्बिणी कृष्णपदार्थ शोधायला सूर्याकडे का बघतात? याचं मूळ एका न जुळलेल्या हिशेबात आहे. १९६०च्या दशकाच्या अखेरीस रेमंड डेव्हिस यांनी अमेरिकेतल्या होमस्टेक खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोलीवर, ड्रायक्लीनिंगच्या द्रावणाने भरलेली प्रचंड टाकी बसवून सूर्याचे न्यूट्रिनो मोजायला घेतले. अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश मिळाले.

कृष्णपदार्थाचं कोडं त्याहून जुनं. ते १९३३मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी मांडलं, पुढे व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांच्या दीर्घिकांच्या मोजमापांनी पक्कं केलं.

१९८५मध्ये डेव्हिड स्पर्गेल आणि विल्यम प्रेस यांनी दोन्ही कोडी एकत्र बांधली. सूर्यातून जाणारा कृष्णपदार्थाचा जड कण अणुकेंद्रावर आपटून वेग गमावून बसला, की सूर्य त्याला सोडत नाही. असे कण गाभ्यात साचतील, तिथली उष्णता बाहेर नेतील, गाभा किंचित निवेल आणि न्यूट्रिनो घटतील. फार सुंदर उत्तर होतं, पण चुकीचं. न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात, म्हणून कमी दिसत होते. २००२पर्यंत कॅनडातल्या सडबरी प्रयोगाने ते दाखवून दिलं. कण अडकण्याचं गणित मात्र टिकलं. १९८५मध्येच जोसेफ सिल्क, कीथ ऑलिव्ह आणि मार्क स्रेडनिकी यांनी पुढची पायरी मांडली होती: साचलेले कण एकमेकांना भिडून नष्ट झाले, तर त्यातून न्यूट्रिनो निघतील आणि त्यांची ऊर्जा सूर्याच्या नेहमीच्या न्यूट्रिनोंच्या शेकडो पट असेल. मला यातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण अशी खूण सहसा दुसऱ्या कशाची असू शकत नाही.

ती टिपायला अवाढव्य दुर्बीण हवी. न्यूट्रिनोच्या टकरीतून खोल पाण्यात उमटणारे प्रकाशाचे क्षीण झोत टिपायची कल्पना मोइसेय मार्कोव्ह यांनी १९६०मध्येच दिली होती. हवाईजवळचा ड्युमंड प्रकल्प १९९५मध्ये गुंडाळला गेला, बैकल सरोवरातला तगला. दक्षिण ध्रुवावर अमांडा या आधीच्या दुर्बिणीनंतर आइसक्यूब आली. गरम पाण्याने अडीच किलोमीटर खोल भोक पाडायचं, प्रकाश टिपणाऱ्या काचेच्या गोळ्यांची माळ आत सोडायची आणि भोवतीचं पाणी पुन्हा गोठू द्यायचं. अशा ८६ माळा, ५,१६० गोळे. २०१०च्या डिसेंबरात काम पुरं झालं.

इथे ऋतूही आड येतो. ध्रुवावरच्या उन्हाळ्यात सूर्य क्षितिजाच्या वर असतो आणि वातावरणात तयार होऊन वरून कोसळणाऱ्या म्युऑन नावाच्या कणांच्या गर्दीत त्याच्या दिशेचा न्यूट्रिनो हरवतो. म्हणून सुरुवातीला फक्त हिवाळ्यातली, सूर्य क्षितिजाखाली असतानाची निरीक्षणं वापरत, कारण तेव्हा त्या दिशेचे म्युऑन पृथ्वीच अडवते. पुढे बाहेरच्या माळांनाच पहारेकरी केलं: बाहेरून आत शिरणारी खूण दिसली की ती नोंद बाद. त्यामुळे उन्हाळाही हाती आला.

अजून तशी खूण सापडलेली नाही. पण सूर्य मुख्यतः हायड्रोजनचा, आणि हायड्रोजनचं अणुकेंद्र म्हणजे एक प्रोटॉन. त्यामुळे कृष्णपदार्थाचा कण प्रोटॉनच्या फिरकीशी (स्पिन या अंगभूत गुणधर्माशी) किती क्वचित टक्कर घेत असला पाहिजे, याच्या सगळ्यात कडक मर्यादांपैकी काही या दुर्बिणींनीच घातल्या आहेत.