वीर्यतपासणीच्या एका आकड्यामागचा इतिहास

खानदेशात लग्नाला दोन-तीन वर्षे होऊनही पाळणा हलला नाही, की आखाजीला माहेरी आलेल्या लेकीलाच विचारणा होते, आणि नवस, उपास, सोनोग्राफी असे सगळे तिच्या वाट्याचे उरकल्यावर मग कधीतरी जावयाच्या वीर्यतपासणीची गोष्ट दबक्या आवाजात निघते. वास्तविक मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण, एकटे किंवा स्त्रीकडच्या कारणाच्या जोडीने, असतेच. आपल्या परंपरेलाही हे ठाऊक होते; चरकसंहितेत शुक्राचे आठ दोष सांगितले आहेत. विसर पडला तो व्यवहारात.

लेव्हेनहूकने १६७७ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली शुक्राणू पाहिले, तरी त्यांच्या मोजणीला वैद्यकीय वजन आले ते विसाव्या शतकात. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅक्लिओड यांनी मूल असलेल्या आणि नसलेल्या पुरुषांची तुलना करून एका मिलिलिटरमागे २ कोटी शुक्राणू ही किमान मर्यादा पुढे आणली, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८० पासूनच्या तपासणी-पुस्तिकांतही तीच रुळली. २०१० मध्ये ती दीड कोटीवर आली. पुरुषांची ताकद घटल्यामुळे मापदंडच खाली आणला, असे यावरून अनेकदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. ज्यांच्या पत्नीला वर्षभरात दिवस राहिले अशा पुरुषांचे आकडे प्रथमच एकत्र करून, त्यांतील सर्वांत कमी ५ टक्क्यांची सीमा तेव्हा मर्यादा म्हणून घेतली गेली.

शुक्राणूंची संख्या खरोखर घसरते आहे का, हा वाद वेगळा आहे. १९९२ मध्ये डेन्मार्कमधील स्काकेबेक आणि सहकाऱ्यांनी ६१ अभ्यास एकत्र करून, १९४० ते १९९० या काळात मिलिलिटरमागची सरासरी ११.३ कोटींवरून ६.६ कोटींवर आल्याचे मांडले. जुने अभ्यास बहुतांशी अमेरिकेतले आणि मोजण्याच्या पद्धती निरनिराळ्या, हा त्यावरचा आक्षेप रास्त होता. २०१७ मध्ये लेव्हिन आणि स्वॉन या संशोधकांनी अभ्यासांची निवड अधिक कडक केली, तरीही पाश्चात्त्य देशांत १९७३ ते २०११ दरम्यान निम्म्याहून अधिक घट दिसली; २०२२ च्या पुढच्या मांडणीत आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतही घटच आढळली. आक्षेप अजून चालू आहेत, पण आता एवढी पुनरावृत्ती झाल्यावर सगळा दोष मोजणीवर ढकलणे मला कठीण वाटते.

कारणांच्या इतिहासात रावेर-यावलच्या केळी उत्पादकांनी लक्षपूर्वक वाचावे असे एक प्रकरण आहे. मुळांवरील सूत्रकृमी मारणारे डीबीसीपी हे रसायन बनवणाऱ्या कॅलिफोर्नियातील कारखान्यात, आपल्यापैकी कोणालाच मूल होत नाही हे १९७७ मध्ये कामगारांच्याच आपसातील बोलण्यातून उघड झाले, आणि तपासणीत अनेकांच्या वीर्यात शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. अमेरिकेने १९७९ मध्ये त्याच्या बहुतेक वापरांवर बंदी घातली. तोवर कोस्टारिकातील केळीच्या मळ्यांत हजारो मजुरांना त्याची झळ बसली होती.

दुसरे कारण उष्णतेचे. वृषणांना शरीरापेक्षा २ ते ४ अंश कमी तापमान लागते, म्हणून भट्टीपुढे किंवा इंजिनाच्या धगीत तासन्‌तास काम करणाऱ्यांकडे संशोधकांचे लक्ष पूर्वीपासून आहे, आणि जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपुढे जातो हे वेगळे सांगायला नको. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागत असल्याने वैशाखात अंगावर काढलेल्या तापाचा परिणाम आषाढातल्या अहवालात दिसू शकतो. म्हणूनच एकाच अहवालावर निकाल न देता दुसरी तपासणी करतात.

नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा, आणि घरून आणायचा झाल्यास तासाभरात, अंगाच्या उबेत पोहोचवावा असा नियम आहे. तालुक्याच्या गावाहून एसटीने निघालेला माणूस सदऱ्याच्या आतल्या खिशात ती प्लॅस्टिकची डबी सांभाळत जळगावला पोहोचेतो तो तास बहुधा उलटून गेलेला असतो, आणि अशा नमुन्यात संख्या फारशी न बदलताही शुक्राणूंची हालचाल मंदावलेली दिसते.