चामड्याचा पट्टा की स्टीलची चेन : एका निवडीची पार्श्वभूमी

घड्याळाच्या दुकानात एकच मॉडेल चामड्याच्या पट्ट्यासह आणि स्टीलच्या चेनसह अशा दोन रूपांत मांडलेले असते आणि बहुतेक गिऱ्हाइके तिथेच अडतात. पट्टा समारंभाला आणि चेन रोजच्या वापराला, ही समजूत आज इतकी रुळली आहे की ती घड्याळाइतकीच जुनी असावी असे वाटते. प्रत्यक्षात मनगटी घड्याळ स्त्रियांच्या दागिन्यांतून, म्हणजे बहुतांशी सोन्यातून आले. चामडे मागाहून सैनिकांबरोबर आले, आणि पुरुषाच्या मनगटावर धातूची चेन शोभते हे सर्वमान्य व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिने १८१० मध्ये पॅरिसच्या ब्रेगे या घड्याळजींच्या पेढीकडे मनगटावर बांधायच्या घड्याळाची मागणी नोंदवली आणि ते १८१२ मध्ये पूर्ण झाले. ते घड्याळ आज हाती नाही, पण पेढीच्या नोंदींत त्याच्या पट्ट्याचे वर्णन आहे: केसांची वीण आणि तीत गुंफलेली सोन्याची तार. पातेक फिलिप या स्विस घड्याळ कंपनीने १८६८ मध्ये हंगेरीच्या काउंटेस कोस्कोविच यांच्यासाठी केलेले घड्याळ तर सरळ सोन्याच्या कड्यातच बसवलेले होते. त्या काळचा पुरुष घड्याळ खिशात ठेवी. मनगटावरचे घड्याळ हा त्याच्या लेखी बांगडीचाच एक प्रकार होता.

हा समज युद्धाने मोडला. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात (१८९९–१९०२) ब्रिटिश अधिकारी खिशातले घड्याळ चामड्याच्या वाटीत बसवून ती वाटी पट्ट्याने मनगटाला बांधत, कारण एका हातात लगाम आणि दुसऱ्यात शस्त्र असताना खिशातून साखळी ओढून वेळ पाहणे जमण्यासारखे नव्हते. चामडेच का, तर खोगीर, लगाम, कमरपट्टा हे सारे सामान त्याचेच असे आणि बक्कल व भोके ही रचना प्रत्येक सैनिकाच्या हाताला सवयीची होती. पहिल्या महायुद्धात तोफांचा मारा आणि पायदळाची चाल मिनिटामिनिटाने जुळवावी लागे, त्यामुळे मनगटी घड्याळ ही खंदकातली गरज बनली. या घड्याळांच्या डबीला, म्हणजे यंत्र ज्यात बसते त्या कवचाला, पट्टा अडकवायचे तारेचे कान डाखलेले असत आणि त्यांतून अरुंद पट्टा ओवला जाई. युद्धानंतर डबीच्या दोन कानांमध्ये दाबून बसवायची स्प्रिंगची पिन रुळली. घड्याळाच्या इतिहासात या पिनेला फारसे कुणी मान देत नाही, पण माझ्या मते आजचा प्रश्नच तिने जन्माला घातला आहे. तार डाखलेली होती तोवर दुसरे काही लावून पाहणे ही मोठी खटपट होती. पिन आली आणि पट्टा हा घड्याळापासून वेगळा काढता येणारा भाग झाला.

चामड्याचा शत्रू घाम. घामातले पाणी उडून जाते, पण मीठ आणि तेलकटपणा पट्ट्याच्या आतल्या बाजूला साठत राहतो. मुंबईत किंवा कोकणात एक पावसाळा वापरलेला पट्टा उलटा करून पाहावा: रोजच्या भोकाभोवती चामडे काळे पडून लांबलेले असते, कडेची शिवण उसवायला लागलेली असते आणि उन्हात वाळवल्यावरही कुबट वास जात नाही. रोलेक्सने १९२६ मध्ये पाणी आत शिरू न देणारी ‘ऑयस्टर’ डबी आणल्यावर ही उणीव अधिकच उघडी पडली, कारण घड्याळ पाण्यात टिकणार आणि त्याला धरून ठेवणारा पट्टा भिजून कुजणार, हे एकमेकांशी विसंगत होते. उपाय धातूकडेच होता, मात्र सोन्याकडे नव्हे. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये न गंजणाऱ्या पोलादाचे मिश्रण तयार केले होते आणि पुढच्या दोन दशकांत ते घड्याळांच्या डब्यांत वापरले जाऊ लागले. जिनिव्हाची १८३५ पासूनची साखळ्या करणारी गे फ्रेर ही पेढी मनगटी चेनींकडे वळली आणि अनेक नामांकित कंपन्यांना चेनी पुरवू लागली. रोलेक्सने १९४५ मध्ये ‘जुबिली’ चेन आणली आणि १९४७ मध्ये ‘ऑयस्टर’ चेनीचे पेटंट घेतले.

चेनही निर्दोष नव्हती. जुन्या चेनींच्या कड्या पातळ पत्रा दुमडून केलेल्या असत. घाम आणि धूळ यांचा काळा लगदा कड्यांच्या सांध्यात जमे, आतली पिन थोडी थोडी घासली जाई आणि काही वर्षांनी चेन आडवी धरली की ती दोरीसारखी लोंबे. अमेरिकेत स्पायडेल या कंपनीने १९५९ मध्ये ‘ट्विस्ट-ओ-फ्लेक्स’ ही ताणली जाणारी चेन काढली. त्याच जातीची, हातावरचे केस ओढणारी स्प्रिंगची चेन आपल्याकडच्या मागच्या पिढीला चांगली आठवत असेल. काहींच्या त्वचेला चेनीच्या धातूतले निकेल सोसत नाही. युरोपीय संघाने १९९४ च्या निर्देशात घड्याळाचे पट्टे आणि चेनी यांतून झिरपणाऱ्या निकेलवर मर्यादा घातली.

भारतात एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या साह्याने १९६१ मध्ये बेंगळुरूला घड्याळांचा कारखाना उभारला आणि ‘जनता’सारखी चावीची घड्याळे चामड्याच्या पट्ट्यावर घरोघरी पोहोचली. त्याच सुमारास, १९६३ मध्ये, जपानमध्ये ‘सेको ५’ निघाले. त्याच्या नावातला पाच हा आकडा ज्या गुणांचा, त्यांत टिकाऊ डबी आणि चेन हा एक गुण होता. पुढे आखाती देशांत नोकरीला गेलेली रत्नागिरीची आणि गोव्याची माणसे सुट्टीवर येताना अशी स्टीलच्या चेनीची घड्याळे आणत आणि दमट हवेत ती वर्षानुवर्षे चालत. आणखी एक कारण सोवळ्याचे. पूजेला बसताना अंगावर चामडे नको म्हणून पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. चेनीला ही अडचण येत नाही. चेनीची आपल्याकडची आवड केवळ हौसेची होती असे म्हणणे म्हणूनच मला पटत नाही.

समारंभाला चामडे आणि कष्टाला स्टील ही वाटणी १९७२ मध्ये ओदमार पिगे या स्विस कंपनीच्या ‘रॉयल ओक’ने उधळली. जेराल्ड जेंटा यांनी रेखाटलेले हे घड्याळ स्टीलचे होते, त्याची किंमत ३,३०० स्विस फ्रँक म्हणजे सोन्याच्या अनेक घड्याळांहून अधिक होती, आणि गे फ्रेरने घडवलेली त्याची चेन डबीतूनच उगवल्यासारखी होती. या रचनेत नेहमीचे कान नाहीत आणि नेहमीची पिनही नाही, त्यामुळे बाजारातला साधा पट्टा तिथे बसतच नाही. अलीकडे हीच घडण स्वस्त घड्याळांतही पुन्हा आली आहे आणि ती घेणाऱ्याने हे आधी जाणून घ्यावे. ज्या घड्याळाच्या कानांमधले अंतर १८, २० किंवा २२ मिलिमीटर असे ठरीव असते, त्याला मात्र पावसाळ्यात चेन आणि दिवाळीच्या सुमारास पट्टा लावता येतो, आणि घड्याळजीकडे हे काम पाच मिनिटांचे असते.