जुना कच्चा पुएर मुरला कुठं?

जुन्या कच्च्या, म्हणजे ढिगात न आंबवलेल्या, पुएर या चिनी चहाचा विषय निघाला की लोक थेट हजार वर्षांच्या परंपरेवर जातात, पण मुरलेल्या चवीचं हे वेड खरं तर हाँगकाँगच्या गोदामांत तयार झालंय असं माझं ठाम मत आहे. चहा चीनच्या युन्नान प्रांतातलाच, लान्त्सांग म्हणजे पुढे जी मेकाँग होते त्या नदीच्या आसपासच्या डोंगरांवरचा, आणि झाड मोठ्या पानाचं, आपल्या आसाम चहाचंच वाण. पानं कढईत बेतानं भाजायची, चोळायची, उन्हात वाळवायची, मग वाफवून दाबून चकती करायची. भाजणं बेताचं असल्यामुळे पान पुढं वर्षानुवर्षं बदलत राहतं. पण युन्नानमधले लोक तो बहुतेक ताजाच प्यायचे.

हाँगकाँगच्या चहाघरांत डिमसमसोबत (वाफवलेले छोटे चिनी पदार्थ) हा चहा रोज ढिगानं लागायचा, नवा माल भलताच कडू-तुरट, म्हणून व्यापारी तो दमट गोदामांत ठेवून मुरवायचे, की रंग तांबूस येतो, तुरटपणा जातो आणि कापूर, जुनं लाकूड असा वास धरतो. मागणी एवढी की इतकी वर्षं थांबणार कोण, मग 1973 च्या सुमाराला युन्नानमधल्याच कुनमिंग शहरातल्या कारखान्यात पानांचा ढीग ओला करून आंबवायची पद्धत बसवली, तोच आजचा पिकवलेला पुएर.

कोरड्या साठवणीची आवड त्यानंतरची. युन्नानमधल्या मेंगहाय कारखान्याची 7542 ही चकती घ्या, 75 म्हणजे कृतीचं साल, 4 पानाची प्रत, 2 कारखान्याचा नंबर. हाँगकाँगचे चहा व्यापारी चेन गुओयी यांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला या चकत्या घेऊन कोरड्या जागेत ठेवल्या, त्या '88 छिंग' नावानं गाजल्या. तैवानचे संग्राहकही तोवर जुना माल शोधत होतेच, पुढं चीनमध्ये भाव इतके चढले की 2007 ला बाजार कोसळला.

म्हणून चव घेताना नुसतं वय विचारू नका, चहा कुठं ठेवला होता ते आधी विचारा. 100 मिलीच्या झाकणाच्या वाटीत 7 ग्रॅम, पाणी खळखळ उकळतं, पहिलं पाणी टाकून द्यायचं, मग दहा-दहा सेकंदांचे घाणे. दमट गोदामातला असेल तर दोनदा धुवा, मातकट वास बराच उतरतो आणि खालचा गोडवा लागतो. कोरड्यातल्याला एकदा पुरे, त्यात थोडा तुरटपणा वीस वर्षांनीही असतो आणि मला तो हवाच असतो.