दुपाखी की चौपाखी? माइनक्राफ्टमध्ये छप्पर घालताना

माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी (ब्लॉकनी) बांधायच्या गेममध्ये माझं पहिलं चौपाखी, म्हणजे चारही बाजूंना उतार असलेलं, छप्पर मी चौरस घरावर घातलं, 9 बाय 9 ब्लॉकच्या. वर पोचलो तेव्हा आढ्याला, म्हणजे वरच्या आडव्या कडेला, जागाच उरली नव्हती, टोकावर फक्त एक ब्लॉक. नदीपलीकडून वळून पाहिलं तर घर नाही, पिरॅमिड दिसत होता. आणि गंमत म्हणजे मला घालायचं होतं ते दुपाखी. ज्या चित्रावरून मी बांधत होतो ते घराच्या आखूड बाजूने काढलेलं होतं, आणि त्या बाजूने दोन्ही छपरं त्रिकोणीच दिसतात.

घोळ होतो तो इथेच. दुपाखी छपरात लांब बाजूंकडून दोन पाखी वर चढतात आणि आढ्यावर भेटतात. आखूड बाजूला दिसणारा त्रिकोण म्हणजे सरळ उभी भिंत. चौपाखीत तिथेही पाखंच असतं, आतल्या बाजूला कललेलं. म्हणून ओळखायचं असेल तर घराला वळसा घालून लांब बाजूला या. छपराचा आकार आयतासारखा दिसला तर दुपाखी. वरची कड आखूड आणि दोन्ही टोकं तिरकी असतील तर चौपाखी.

आता खर्च. गेमच्या सर्व्हायव्हल प्रकारात प्रत्येक ओंडका स्वतः तोडायचा, त्यामुळे हा प्रश्न पहिला येतो. चौपाखीला जास्त माल लागतो असं बहुतेकांना वाटतं, मलाही वाटायचं. हिशेब करून बघा. घर 9 बाय 15, चारही बाजूंना एकेक ब्लॉकची वळचण, म्हणजे छपराचा पाया 11 बाय 17. दुपाखीला दोन्हीकडून पाच-पाच ओळी, प्रत्येकीत 17 स्टेअर्स (पायरीच्या आकाराचे ब्लॉक), असे 170, आणि आढ्याला 17 स्लॅब (अर्ध्या उंचीचे ब्लॉक). चौपाखीत एकात एक अशी पाच कडी बसतात: 52, 44, 36, 28, 20, म्हणजे 180 स्टेअर्स, आणि आढ्याला 7 स्लॅब. दोन्हीकडे एकूण 187. तसंच असणार, कारण वरून पाहिलं तर दोघांनाही तीच जागा झाकायची आहे आणि उतारही तोच आहे. सहा फळ्यांतून चार स्टेअर्स निघतात आणि एका ओंडक्यातून चार फळ्या, त्यामुळे कुठलंही छप्पर घ्या, सत्तरच्या आत ओंडके पुरतात. फरक एवढाच की दुपाखीच्या त्रिकोणी भिंतींना वर आणखी 16-16 ब्लॉक लागतात. म्हणजे महाग पडतं ते उलट दुपाखी! दगडी छप्पर करणार असाल तर स्टोनकटर (गेममधलं दगड कापायचं यंत्र) वापरा. त्यात एका दगडाला एक स्टेअर मिळतो, क्राफ्टिंग टेबलवर दीड दगड जातो.

तेव्हा निवड करायची ती दिसण्यावरून, आणि इथे माझं मत दुपाखीकडे झुकतं. दुपाखी घराला तोंड असतं. त्रिकोणी भिंतीत खिडकी काढता येते, भिंतीचा माल बदलता येतो, पाखी स्प्रूस लाकडाची ठेवून कडेची एक ओळ डार्क ओक लाकडाची केली की घर लांबूनही उठून दिसतं. मात्र छप्पर त्या भिंतीच्याही एक ब्लॉक पुढे यायला हवं. भिंतीला टेकवून कापलेलं छप्पर खोक्याला घडी केलेला पुठ्ठा ठेवल्यासारखं दिसतं. शिवाय पुढे आलेल्या कडेमुळे भिंतीवर चढणारा गेममधला कोळी तिथेच अडतो. वळचणीखाली उलटे स्टेअर्स लावले की जी सावली पडते, तिने निम्मं काम होतं.

चौपाखीला तोंड नसतं, पण पाठही नसते. टेकडीवरचं घर, चारही रस्त्यांवरून दिसणारं, तिथे ते शोभतं. दुपाखीची आखूड बाजू तिथे नुसती मोकळी भिंत वाटते. कोपऱ्यांची भीती बाळगू नका, शेजारचे स्टेअर्स नीट लागले की कोपऱ्याचा स्टेअर आपोआप वळतो. खरी अडचण वेगळी आहे. चारही बाजूंना नुसती पाखीच पाखी, आणि नजरेला थांबायला काही नाही. त्यावर एक छोटा दुपाखी झरोका लांब बाजूला काढावा. आणि घर चौरस नको. आढ्याची लांबी म्हणजे छपराच्या लांबीतून रुंदी वजा करून अधिक एक, 17 वजा 11 अधिक 1, म्हणजे 7. चौरसात तो आकडा 1 येतो, आणि मग माझ्यासारखा पिरॅमिड. रुंदी दोन्ही प्रकारांत विषमच ठेवा, नाहीतर आढ्यावर दोन स्टेअर्स पाठीला पाठ लावून बसतात आणि टोक बोथट होतं.

कोकणातल्या चौपाखी घरांना कारण होतं. पाऊस चारही बाजूंनी झोडपतो, म्हणून चारही भिंतींवर वळचण हवी. माइनक्राफ्टच्या पावसाने मातीची भिंतसुद्धा भिजत नाही, त्यामुळे तो मुद्दा इथे उरत नाही. बर्फाच्या प्रदेशात तर सरळ लावलेल्या स्टेअर्सवर, वरचा भाग पूर्ण सपाट नसल्याने, बर्फही साचत नाही. सगळं रान पांढरं आणि मधे तुमचं छप्पर कोरडं ठणठणीत! त्याच कारणाने रात्री त्यावर झोंबी उगवत नाहीत, ही जमेची बाजू. स्लॅबचं छप्पर केलंत तर ब्लॉकच्या जागेच्या वरच्या अर्ध्यात बसवलेल्या स्लॅबवर मात्र उगवतात, तिथे उजेड ठेवा.

आता माझं घर दुपाखी आहे, आणि पुढे पडवी काढली आहे. पडवीला स्लॅब वापरले, दोन ब्लॉकमागे एक ब्लॉक चढणारे, म्हणजे मुख्य पाख्याच्या निम्मा उतार. तो उतार जिथे मोडतो त्या रेघेवर कंदील टांगलेत. जुन्या पिरॅमिडमध्ये आता कोंबड्या ठेवल्या आहेत.