चिपळूणचा चिखल, जोजीलाचा बर्फ आणि तिरकं पातं

२२ जुलै २०२१ चा पूर ओसरला तेव्हा चिपळुणातल्या आमच्या घरात घोटाभर चिखल होता. नदीचा गाळ, त्यात डिझेलचा वास, पालापाचोळा, कुणाच्या तरी दुकानातले भिजून फुगलेले तांदूळ. फावड्यानं तो संपेना, म्हणून भाताच्या खाचरात चिखल सारखा करायला फिरवतात तसली लांब फळी घेतली आणि ओटीवरून दाराकडे लोटायला लागलो. दोन हात जाईपर्यंत पुढ्यात ढीग साचायचा आणि फळी जागची हलायची नाही. मामा आत आले, फळीचं एक टोक पुढं आणि दुसरं मागं केलं नि म्हणाले, "आता ढकल." चिखल फळीच्या अंगावरून सरकत मागच्या टोकाशी पडू लागला आणि त्याची लांबट ओळ भिंतीच्या कडेला लागली. जोर तेवढाच होता, पण फळी आता थांबत नव्हती.

मामांची नोकरी सीमा सडक संघटनेत झाली. कित्येक वर्षं हिवाळा सरता सरता ते सोनमर्गच्या बाजूनं जोजीलाचा रस्ता उघडायच्या कामावर असत. जोजीला म्हणजे काश्मीर आणि लडाख जोडणारी, ३,५०० मीटरहून उंच बर्फाळ खिंड. ओटीवर त्यांनी जे केलं, तेच तिथं ते ग्रेडरवर, म्हणजे रस्ता सारखा करायच्या यंत्रावर, बसून करत आले होते.

ग्रेडर आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्गाच्या कामामुळे सगळ्यांनी पाहिलाय. लांब मान, पुढं दोन चाकं, मागं चार, आणि मधोमध पोटाखाली टांगलेलं साडेतीन-चार मीटरचं पातं. पातं मधे का, हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावर या यंत्राबद्दलचा आदर वाढला. पुढची चाकं दहा सेंटीमीटर उंचवट्यावर चढली तरी मधलं पातं साधारण चार-पाच सेंटीमीटरच उचललं जातं. मागची चाकं दोन्ही बाजूंना जोडीजोडीनं एकेका झुलत्या तुळईवर बसवलेली असतात. त्यातलं एक चाक दगडावर गेलं तर तुळईचा मध्य निम्माच उचलतो आणि पात्यापर्यंत त्याचाही थोडाच भाग पोचतो. म्हणजे खडबडीत रस्त्यावर चालताना हे यंत्र प्रत्येक खड्ड्याची नि उंचवट्याची सरासरी काढत जातं. सपाट रस्ता होतो तो यामुळे.

बर्फाचा नांगर, म्हणजे बर्फ बाजूला लोटणारं वेगळं पातं, लावला की नेमकं हेच गणित उलटं होतं. बर्फ चाकांच्या पुढं काढावा लागतो, नाहीतर यंत्र त्यातच रुतेल. म्हणून हा नांगर ग्रेडरच्या नाकाशी बसवतात. पुढच्या-मागच्या चाकांत सहा मीटर अंतर आणि नांगर पुढच्या चाकांच्या आणखी दोन मीटर पुढं असेल, तर चाकांखाली आलेला दहा सेंटीमीटरचा उंचवटा नांगराला तेरा सेंटीमीटरहून जास्त उचलतो, आणि खड्डा त्याला तेवढाच खाली आपटतो. नांगर घट्ट आवळून ठेवला तर तो एकदा हवेत जाईल आणि एकदा डांबर उखडेल. म्हणून तो सैल, तरंगता ठेवतात. जमिनीचा अंदाज तो स्वतःच घेत जावा, यासाठी त्याखाली पावलांसारखे दोन लोखंडी तुकडे असतात. त्यांना शू म्हणतात.

नांगर लावण्यातलं निम्मं कौशल्य या शूमध्ये आहे. यंत्र सपाट फरशीवर उभं करायचं, सगळ्या टायरांची हवा सारखी आहे ना ते बघायचं आणि मगच शूची उंची बांधायची. खडीच्या रस्त्यावर धार एक-दोन सेंटीमीटर वर ठेवतात, नाहीतर बर्फाबरोबर रस्ताही दरीत जातो. काही नांगरांची खालची कड स्प्रिंगवर असते. बर्फाखाली लपलेला दगड लागला की ती मागं दुमडते आणि पुन्हा जागेवर येते. स्प्रिंग फार ताणली तर दुमडायच्या ऐवजी काहीतरी मोडतं, फार सैल ठेवली तर नुसत्या बर्फाच्या भारानंही कड दुमडत राहते.

पुढचा नांगर मोकळा बर्फ बाजूला फेकतो. चाकांनी दाबून घट्ट झालेला थर मात्र पोटाखालचं पातंच खरवडतं. इथं पात्याचं झोपणं किंवा ताठ राहणं महत्त्वाचं. बिडाच्या तव्यावरचं घावन सोडवताना उलथनं मागं झोपवलं की धार खाली शिरते. तेच पुढं कलवलं तर ते वरच्या वर घासत जातं. पात्याचंही तसंच आहे: वरची कड मागं असेल तर ते कापतं, पुढं असेल तर अडथळ्यावरून सरकतं.

आणि मग तो ओटीवरचा कोन. पातं सरळ आडवं असेल तर सगळा माल समोर साचतो आणि इंजिनाची ताकद ढीग ढकलण्यातच जाते. तिरकं केलं की माल पात्याच्या बाकदार अंगावरून लोळत एका बाजूला पडतो. याची किंमतही मोजावी लागते: साडेतीन मीटरचं पातं ४५ अंशांत फिरवलं की एका फेरीत अडीच मीटरच रस्ता साफ होतो. शिवाय माल एकीकडे ढकलला जातो तेव्हा यंत्राचं नाक दुसरीकडे रेटलं जातं. म्हणूनच ग्रेडरची पुढची चाकं कधी कधी कललेली दिसतात. माल ज्या बाजूला पडतोय त्या बाजूला ती कलवून ऑपरेटर तो रेटा सावरतो. बर्फावर टायरची पकडच कमी असते, तेव्हा मागच्या चाकांना साखळ्याही बांधाव्या लागतात.

नुकता पडलेला कोरडा बर्फ हलका असतो, घनमीटरला ५० ते १०० किलो. बसलेला २००-३०० किलोंवर जातो आणि पक्का बर्फ ९१७ किलोंवर. आपल्या घाटात दरडीबरोबर येणारा ओला चिखल या सगळ्यांच्या पुढं, दीड-दोन टनांच्या घरात. त्यामुळे कशेडीत किंवा आंबा घाटात आधी पोकलेन आणि लोडर लागतात. ढिगारा उचलल्यावर उरलेली साय काढायला आणि साइडपट्टीचा उतार गटाराकडे परत आणायला ग्रेडर येतो.

देखभालीत दोन्हीकडचे शत्रू वेगळे. तिकडे थंडीनं हायड्रॉलिक तेल घट्ट होतं, साध्या डिझेलमध्ये मेण धरतं. उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल इंडियन ऑइलनं लडाखसाठी २०१९ मध्ये आणलं. रात्री पातं जमिनीला चिकटून गोठू नये म्हणून त्याखाली लाकडी फळ्या ठेवतात. इकडे पाऊस ग्रीस धुऊन नेतो आणि खारा वारा हायड्रॉलिकच्या चकचकीत दांड्यांवर गंजाचे बारीक खड्डे पाडतो. तो गंज आत-बाहेर जाताना सील कापतो आणि तेल गळायला लागतं. उभ्या यंत्राच्या दांड्या होतील तेवढ्या आत घेऊन ठेवणं आणि बाहेर राहिलेल्या भागाला ग्रीस फासणं, एवढं किनाऱ्यावर प्रत्येकानं करायलाच हवं. आणि उचललेल्या पात्याखाली, भक्कम टेकू दिल्याशिवाय, कुणीही हात घालू नये. हे मामा दरवेळी सांगतात आणि दरवेळी आवाज चढवून सांगतात.

सगळ्यात जास्त झिजते ती कटिंग एज, पात्याच्या खालच्या कडेला डावी-उजवी अशा दोन तुकड्यांत बोल्टांनी बसवलेली पोलादी पट्टी. ती झिजण्यासाठीच असते, म्हणजे वरचं महागडं पातं वाचतं. तिचे बोल्ट चौकोनी मानेचे, डोकं पट्टीत बुडालेलं, म्हणजे घासणीत येत नाही. नवी पट्टी चढवल्यावर काही तास चालवून ते पुन्हा आवळायचे. पट्टी बोल्टांच्या भोकांपर्यंत झिजायच्या आत बदलायची. एक दिवस उशीर झाला तर घासणी पात्याच्या अंगाला लागते.

परवा महामार्गाच्या कडेच्या एका गॅरेजमागं भंगारात अशीच पट्टी पडली होती, दोन माणसांनी उचलावी एवढी जड. मामा उकिडवे बसले आणि बोटं फिरवत ती वाचायला लागले. मधे झिजली असती तर रस्त्याच्या मधल्या उंचवट्यावर चालली असं म्हटलं असतं, म्हणाले. ही एका टोकाला झिजलीय. पातं कायम एकाच बाजूला तिरकं धरून चालवलंय आणि डावी-उजवी पट्टी कधी अदलाबदल केलेली नाही. मग आम्ही दोघांनी ती उलटी केली. दुसऱ्या बाजूची धार पूर्ण कोरी होती, कारखान्यातला रंगही गेला नव्हता.