इव्हॅन्गेलियनचे ‘पैसे संपले’ नव्हते

‘निऑन जेनेसिस इव्हॅन्गेलियन’ या जपानी अ‍ॅनिमे मालिकेच्या (1995-96) शेवटच्या दोन भागांत महाकाय यंत्रांच्या लढाया गायब होतात आणि त्यातलंच एक यंत्र चालवणारा 14 वर्षांचा शिंजी खुर्चीत बसून स्वतःचीच उलटतपासणी करतो. मालिका बनवणाऱ्या गायनॅक्स स्टुडिओचे पैसे संपले म्हणून हा शेवट उरकला, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं.

कमी पडला तो मुख्यतः वेळ. दर आठवड्याचं प्रक्षेपण मानगुटीवर होतं. स्थिर चित्रं, जुन्याच फ्रेम, कच्ची रेखाटनं त्या घाईतली, हे मान्य. पण आशय, म्हणजे माणसांचं आतलं एकटेपण, पहिल्यापासून तोच होता. चौथ्याच भागात शिंजी घर सोडून कानात हेडफोन घालून ट्रेनमधून भटकतो. बाविसाव्यात शिंजीच्या सहकारी पायलट असुका आणि रेई लिफ्टमध्ये जवळजवळ मिनिटभर गप्प उभ्या असतात. चित्र हलतही नाही. (मालिकेतला सगळ्यात जीवघेणा प्रसंग हाच, कुठलीही लढाई नव्हे.) दिग्दर्शक हिदेआकी आन्नो यांनी तर मालिकेच्या आधीची चार वर्षं आपण काहीच करू शकलो नव्हतो, असं स्वतः लिहिलंय.

मालिकेच्या अगदी शेवटी टाळ्या वाजवून सगळे शिंजीचं अभिनंदन करतात, तेव्हा त्याला दूर लोटणाऱ्या बापाशी असलेला त्याचा हिशेब मात्र तसाच राहतो. 1997च्या ‘द एंड ऑफ इव्हॅन्गेलियन’ या चित्रपटात शिंजीच्या मनाबाहेरच्या जगाचं काय झालं ते दिसतं. तिथे पोरगं आणखीच खचलेलं आहे.