ल्युटिओलिन

वनस्पतींमधलं पिवळं द्रव्य. फ्लेव्होनॉइड या वनस्पती-रसायनांच्या मोठ्या कुळातल्या फ्लेव्होन या पोटगटात ते मोडतं. रेणूत कार्बन १५, हायड्रोजन १० आणि ऑक्सिजन ६. कांद्यातलं क्वेर्सेटिन हे याचंच जवळचं भावंड, फरक फक्त एका हायड्रॉक्सिल (OH) गटाचा. सेलरी, पार्सली, ढोबळी मिरची, कॅमोमाईलची फुलं आणि शेंगदाण्याची टरफलं यांत ते असतं. अलीकडे ‘ब्रेन फॉग’ (डोकं सुस्त, विचार धूसर वाटणं) आणि मेंदूतलं इन्फ्लमेशन कमी करायला म्हणून याच्या कॅप्सूल खाल्ल्या जातात. (इन्फ्लमेशनला इथे दाह म्हटलंय, पोटातली जळजळ नव्हे.)

नाव आलं रेसेडा ल्युटिओला या युरोपातल्या रंगाच्या झाडावरून, इंग्रजीत त्याला वेल्ड म्हणतात. लॅटिनमध्ये ल्युटिअस म्हणजे पिवळा, म्हणून झाडाला ल्युटिओला, असं बऱ्याच ठिकाणी सरळ लिहून मोकळे होतात, पण गोष्ट बहुधा उलटी आहे. ‘लूटुम’ हे मुळात त्या झाडाचंच नाव आणि पिवळ्या रंगाचा शब्द त्यावरून पडला, आपल्याकडे हळदीवरून हळदी रंग झाला तसाच. घोळ असा की ऱ्हस्व उकाराचा ‘लुटुम’ म्हणजे चिखल, आणि त्यावरूनही दिसायला तसंच विशेषण होतं, त्यामुळे ‘मातकट पिवळा’ असा अर्थ कुठे कुठे घुसलाय. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक धरला तर झाडाकडून रंगाकडे हीच वाट पटते. पीतपिंडाचं (बीजांड सुटल्यावर अंडाशयात बनणाऱ्या पिवळ्या गाठीचं) लॅटिन नाव कॉर्पस ल्युटिअम, तेही याच पिवळ्यातलं.

रंगारी लोकर तुरटीच्या पाण्यातून काढून मग वेल्डच्या काढ्यात बुडवायचे, वर निळीचा हात दिला की हिरवा रंग मिळायचा. शुद्ध द्रव्य वेगळं काढून त्याला नाव दिलं ते फ्रेंच रसायनज्ञ शेव्ह्रल यांनी, साल साधारण १८२९ धरतात. १८६४ मध्ये हलासिवेट्झ आणि फाउंडलर यांनी सूत्र ठरवलं, आर्थर जॉर्ज पर्किन यांनी १८९६ मध्ये रचना मांडली आणि १९०० मध्ये कोस्तानेत्स्की वगैरेंनी ते प्रयोगशाळेत बनवून ती पक्की केली. हे पर्किन म्हणजे पहिला कृत्रिम रंग ‘मॉव्ह’ शोधणाऱ्या पर्किनचेच चिरंजीव. गंमत म्हणजे वेल्डसारखे झाडांचे रंग पुढे मागे पडले ते कृत्रिम रंगांमुळेच.

मेंदूशी संबंध जोडला गेला तो बराच उशिरा. मेंदूतल्या मायक्रोग्लिया या राखणदार पेशी चिडल्या की इंटरल्युकिन-६ सारखी दाह वाढवणारी द्रव्यं सोडतात. २००८ मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने दाखवलं की ल्युटिओलिन दिल्यावर पेशींमध्ये आणि उंदरांमध्ये हे प्रमाण घटतं. २०१० मध्ये त्यांनी म्हाताऱ्या उंदरांना चार आठवडे ते खाण्यातून दिलं, आणि उंदरांची स्मरणशक्ती सुधारलेली दिसली. जाहिरातींचा बराचसा डोलारा असल्या कामावर उभा आहे.

माणसांवरचं काम तोकडं आहे. ग्रीसमध्ये ऑटिझम असलेल्या ५० मुलांवर २६ आठवडे एक अभ्यास झाला (२०१३), त्यात क्वेर्सेटिनही मिसळलेलं होतं आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता, म्हणजे मुलांत दिसलेली सुधारणा गोळीमुळे की मुलं तेवढी मोठी झाली म्हणून, हे सांगता येत नाही. इटलीतला २०२२ चा अभ्यास त्यापेक्षा बरा. कोविडनंतर वास गेलेले १८५ पेशंट, रोज ७०० मिलिग्रॅम पीईए नावाचं स्निग्ध द्रव्य आणि ७० मिलिग्रॅम ल्युटिओलिन, सोबत वास ओळखायचा सराव. नुसता सराव आणि खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा या गटात सुधारणा जास्त दिसली. पण पीईए स्वतःच दाहशामक मानलं जातं, तेव्हा श्रेय कुणाचं हा प्रश्न उरतोच, आणि ते एकट्या ल्युटिओलिनला देणं घाईचं वाटतं.

खरी अडचण शोषणाची आहे. कॅप्सूल फोडून पूड पाण्यात टाकली तर ती विरघळत नाही, तळाला बसते. सोड्यासारखं अल्कली घातलं तर मात्र पाणी गडद पिवळं होतं. पोटात गेलेल्यातलंही थोडंच रक्तात पोचतं, तेही बरंचसं आतडं आणि यकृत यांनी ग्लुकुरोनाइडमध्ये (शरीराबाहेर टाकायला सोप्या रूपात) बदललेलं. म्हणून पूड अतिसूक्ष्म दळणं किंवा तेलात मिसळणं असे उपाय करतात. बाजारातलं ल्युटिओलिन शेंगदाण्याच्या टरफलांतून काढतात, किंवा रुटिन या दुसऱ्या फ्लेव्होनॉइडपासून बनवतात.

दुकानात ल्युटिन आणि ल्युटिओलिन यांची गल्लत नेहमीची. ल्युटिन हे झेंडूच्या फुलांतून काढलेलं डोळ्यांसाठीचं द्रव्य, कॅरोटिनॉइड या वेगळ्याच कुळातलं, नाव एकाच पिवळ्यावरून आलं तरी नातं तिथेच संपतं, म्हणून डबीवरची अक्षरं नीट वाचावीत. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, गरोदरपण असेल किंवा बऱ्याच औषधांची रांग असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, कारण औषधं पचवणाऱ्या यकृतातल्या काही एन्झाइमना ते आडवं येतं असं प्रयोगशाळेत दिसलंय.